लघवीच्या डबीपासून बायोप्सीच्या बाटलीपर्यंत: तपासणीचे नमुने लॅबमध्ये नीट कसे पोचवावेत

साडेअकरा वाजले होते. खिडकीपलीकडून एका बाईंनी रुमालात गुंडाळलेली काचेची बरणी पुढे केली. "सकाळी सहाचीच आहे, आणि बरणी ब्लीचनं स्वच्छ धुतली होती हो," असं त्यांनी आवर्जून सांगितलं. पट्टी बुडवली तर साखर पॉझिटिव्ह, रक्तही पॉझिटिव्ह. बाईंना मधुमेह नव्हता, लघवीची तक्रार नव्हती. ऑपरेशनआधीची नेहमीची तपासणी होती. लॅबची डबी हातात देऊन तिथेच पुन्हा नमुना द्यायला सांगितला. दोन्ही निगेटिव्ह. बरणीत ब्लीचचा अंश राहिला होता आणि पट्टीवरची रसायनं त्यालाच साखर आणि रक्त समजून बसली होती. कष्ट घेऊन धुतली नसती तर निदान हा घोटाळा झाला नसता!

नमुने स्वीकारायच्या खिडकीमागे मी बरीच वर्षं काढली आहेत. रिपोर्ट चुकला की लोक यंत्राला दोष देतात, पण अर्ध्याहून जास्त चुका नमुना यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात. शरीराबाहेर आलं म्हणून रक्त किंवा लघवी जिथल्या तिथे थांबत नाही. पेशी साखर खात राहतात, जंतू वाढत राहतात, काही पेशी फुटून आतला ऐवज बाहेर सांडतात. आणि यावर घरोघरी एकच तोडगा माहीत असतो: फ्रीजमध्ये ठेवा. तो काही नमुन्यांना तारतो आणि काहींना चक्क मारतो. कोणता नमुना कुठे मोडतो, हे या लेखात जागोजागी येईल.

डबी आणण्याआधी विचारून घ्या

लॅबला फोन केला तर पाच गोष्टी विचारा: डबी कोणती, नमुना किती हवा, किती वेळात पोचायला हवा, गार ठेवायचा की नाही, आणि त्या तपासणीचे नमुने किती वाजेपर्यंत घेतात. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. लॅब रात्रीपर्यंत उघडी असते, पण कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखणं) किंवा वीर्य तपासणीचा विभाग दुपारीच बंद होतो, आणि मग संध्याकाळी धावतपळत आणलेली डबी परत न्यावी लागते.

डबी लॅबचीच घ्या. औषधाची रिकामी बाटली, मधाची बाटली, लहान मुलाच्या खाऊचा डबा, हे सगळं आमच्यापुढे येऊन गेलं आहे. डबीत पावडर किंवा थोडं पाणी दिसलं तर ते फेकायचं नाही, धुवायचं तर मुळीच नाही. ते मुद्दाम घातलेलं असतं.

उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास काही न खाणं. साधं पाणी चालतं, उलट प्यावंच, म्हणजे शीर लवकर सापडते. कल्चर करायचं असेल तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. थायरॉईड आणि हृदयाच्या काही तपासण्यांचे आकडे त्यामुळे खोटे येऊ शकतात. मात्र कोणतंही औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. घेतलेलं औषध फॉर्मवर लिहिलं तरी बरंच काम होतं.

नाव झाकणावर लिहू नका

झाकण आणि डबी यांची लॅबमध्ये ताटातूट होते. एकाच वेळी दहा डब्या उघडल्या की झाकणं सारखीच दिसतात. म्हणून लेबल नेहमी डबीच्या अंगावर. त्यावर पूर्ण नाव आणि दुसरी एक ओळख: जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. नुसतं नाव पुरत नाही. एकाच घरातल्या दोघांच्या डब्या एकाच पिशवीत आल्या आणि दोन्हींवर फक्त आडनाव असलं की आम्ही दोन्ही परत करतो.

दवाखान्यात रक्त घेत असाल तर लेबल रक्त घेतल्यावर, माणूस समोर असतानाच लावायचं आणि नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं की घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. आधी लेबलं लावून ट्यूब ओळीनं मांडून ठेवायची सवय सोयीची वाटते, पण अदलाबदल होते ती तिथेच.

लेबलावर आणखी एक गोष्ट हवी, जी दहापैकी आठ जण लिहीत नाहीत: नमुना घेतल्याची वेळ. माझ्या मते नावानंतर सगळ्यात मोलाची हीच. वेळ नसली तर चार तास शिळी लघवी आणि आत्ताची लघवी आम्हाला सारखीच. औषधाची रक्तातली पातळी मोजायची असेल तर शेवटचा डोस केव्हा घेतला तेही लिहा, नाहीतर आलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

लघवी

सगळ्यात सोपा समजला जाणारा आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बिघडणारा नमुना. साध्या तपासणीला सकाळची पहिली लघवी चांगली, कारण ती घट्ट असते. हात साबणानं धुवा. बायकांनी जागा पुढून मागे पुसून घ्यावी, पुरुषांनी कातडी मागे सारून पाण्यानं धुवावं. पहिली धार टॉयलेटमध्ये जाऊ द्या. ती मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेले जंतू धुऊन नेते. मग धार न थांबवता मधली लघवी डबीत घ्या आणि उरलेली पुन्हा टॉयलेटमध्ये. डबी अर्धी भरली तरी पुष्कळ. झाकण खाली ठेवताना आतली बाजू वर राहू द्या आणि आत बोट लावू नका. मासिक पाळी चालू असेल तर फॉर्मवर लिहा, म्हणजे लाल पेशी दिसल्यावर कोणाची धावपळ होणार नाही.

आता वेळ. तासाभरात पोचली तर उत्तम, दोन तास ही कमाल मर्यादा. त्यापुढे जाणार असेल तर फ्रीजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसला. कल्चरसाठी अशी लघवी २४ तास चालते. इथे फ्रीज खरोखर उपयोगी आहे. का, ते आकड्यात बघा. ई. कोलाय हा जंतू उबदार जागी वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो. कातडीवरून चुकून पडलेले मिलीलिटरला हजार जंतू घ्या, अर्ध्या तासाला दुप्पट धरा, आणि डबी चार तास उबेत राहू द्या. आठ वेळा दुप्पट झाले की अडीच लाखांवर जातात. लघवीत संसर्ग आहे असं म्हणायला नेहमी वापरला जाणारा आकडा आहे मिलीलिटरला एक लाख. म्हणजे माणसाला काही झालेलं नसताना, फक्त डबी उन्हाच्या खिडकीत राहिली म्हणून, त्याला अँटिबायोटिकचा कोर्स लागू शकतो. शिवाय ते जंतू साखर खातात, युरियाचा अमोनिया करतात, आणि त्या बदललेल्या लघवीत पेशी विरघळून जातात. एकाच डबीत खोटा संसर्ग दिसतो आणि खरी साखर लपते.

फ्रीजचा तोटा इतकाच की गार लघवीत क्षारांचे खडे जमतात आणि ती गढूळ दिसते. पोचवताना "फ्रीजमध्ये होती" एवढं सांगितलं की झालं.

बोरिक ॲसिडची पावडर असलेली कल्चरची डबी मिळाली तर आतल्या रेघेपर्यंत भरा. कमी भरली तर पावडरीचं प्रमाण जास्त होऊन जंतूच मरतात. बंद करून दोन-चारदा हलवा. अशी डबी फ्रीजशिवायही दमानं जाऊ शकते.

चोवीस तासांच्या लघवीचं गणित बहुतेकांचं पहिल्याच पायरीला चुकतं, म्हणून ते क्रमानं:

१. सकाळी ठरलेल्या वेळी, समजा सात वाजता, लघवी करा आणि ती टाकून द्या. ती रात्रीची आहे, आपली नाही. सात ही सुरुवातीची वेळ म्हणून कॅनवर लिहा.

२. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. शौचाला बसताना आधी लघवी वेगळी घ्या, नाहीतर तिथेच निसटते.

३. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा लघवी करा आणि ही मात्र कॅनमध्ये घाला. इथे संपलं.

४. एकदा जरी विसरलात तर उरलेलं अंदाजानं भरू नका. ओतून टाका आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरू करा. दीड लिटरमधली ३०० मिलीलिटर गेली तर पाचवा हिस्सा गेला, आणि रिपोर्ट तेवढा कमी येणार.

कॅल्शियमसारख्या काही तपासण्यांच्या कॅनमध्ये आम्ल असतं. थेट कॅनवर बसू नका. स्वच्छ मगमध्ये घेऊन हळूच ओता, तोंड लांब ठेवा. आम्लाची कॅन नुसती धुऊन आणली तर तपासणी रद्द. कॅन दिवसभर गार जागी असावी आणि लॅबनं वेगळं सांगितलं नसेल तर पूर्ण कॅन आणावी, त्यातली वाटीभर नाही.

शौच आणि थुंकी

शौचाचा नमुना टॉयलेटच्या पाण्यातून उचलायचा नाही. भांड्यावर स्वच्छ प्लास्टिक किंवा कागद पसरून त्यावर घ्या आणि लघवी त्यात मिसळू देऊ नका. डबीच्या झाकणालाच छोटा चमचा असतो. आव, रक्त किंवा चिकट भाग दिसत असेल तर नेमका तोच उचला. लोक किळस येऊन तेवढाच टाळतात आणि नीटस भाग पाठवतात! एक तृतीयांश डबी भरली की थांबा. काठोकाठ भरलेल्या डबीत वायू साठतो आणि झाकण उघडताना जे होतं ते खिडकीमागच्या माणसालाच माहीत.

पातळ शौचात हलता अमीबा बघायचा असेल तर अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली हवा. फ्रीजमध्ये ठेवला की तो हलायचा थांबतो, आणि हलत नसलेला अमीबा ओळखणं फार अवघड. म्हणजे लघवीला तारणारा फ्रीज इथे मारतो. जमत असेल तर लॅबच्या टॉयलेटमध्येच नमुना द्या. कल्चरसाठी दोन तास, नाहीतर लॅबकडून ट्रान्सपोर्ट मीडियमची (प्रवासात जंतू टिकवणाऱ्या द्रवाची) नळी मागून घ्या. जंतांसाठी वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने मागितले तर कुरकुर करू नका, अंडी रोज पडत नाहीत. छुप्या रक्तासाठी काडीची नळी मिळते. काडी चार-पाच ठिकाणी खुपसायची, खाचा भरल्या की पुरे, गोळा कोंबायचा नाही.

थुंकीच्या नमुन्यात आम्हाला हवा असतो बेडका, तोंडातली लाळ नाही. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, फक्त पाण्यानं चूळ भरा. पेस्ट किंवा माउथवॉश नको. दोनदा खोल श्वास घ्या, तिसऱ्यांदा छाती भरून घेऊन आतून खोका. तीन ते पाच मिलीलिटर, घट्ट, चिकट. पारदर्शक आणि फेसाळ दिसतंय म्हणजे ती लाळ आहे. पुन्हा प्रयत्न करा. टीबीचा संशय असेल तर हे काम घराबाहेर मोकळ्या हवेत, कोणी जवळ नसताना करा. पोचायला वेळ लागणार असेल तर फ्रीज चालतो.

वीर्य

हा नमुना जमेल तर लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा असेल तर घेतल्यापासून तासाच्या आत पोचायला हवा, त्यातही अर्ध्या तासात आला तर बरं. आधी दोन ते सात दिवसांचा खंड असावा. कंडोम, तेल, लाळ काही नको. कंडोममधली रसायनं शुक्राणू मारतात. पूर्ण नमुना डबीत यायला हवा आणि पहिला भाग सांडला असेल तर सरळ सांगा, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून आणा. फ्रीज नाही, बर्फ नाही. लाजून पिशवीच्या तळाशी थंड पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेली डबी वाया गेलेली आहे असं समजा.

रक्त: दवाखान्यातून लॅबकडे

हा भाग मुख्यतः लहान दवाखान्यात रक्त घेऊन पाठवणाऱ्यांसाठी. टोपणांचे रंग सगळ्यांना पाठ असतात, क्रम नसतो. एकाच सुईनं अनेक ट्यूब भरायच्या असतील तर आधी ब्लड कल्चर, मग निळी सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी सीरमची (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी), मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी ईडीटीए आणि शेवटी करडी फ्लोराइड. सायट्रेट, हेपॅरिन आणि ईडीटीए ही रक्त गोठू न देणारी रसायनं. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचंच ईडीटीए असतं. त्यातला एक थेंब सीरमच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली. जांभळ्यातलं जास्तीचं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतून वेळ मारून नेणारे आम्ही याच जोडीवरून पकडतो.

निळ्या ट्यूबमध्ये एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. रेघेपर्यंत भरली नाही तर रक्त गोठायला खोटाच जास्त वेळ लागतो आणि कोणाची तरी रक्त पातळ ठेवायची गोळी विनाकारण कमी होते. भरल्याबरोबर उलटसुलट करायची: निळी तीन-चार वेळा, जांभळी आठ-दहा वेळा. हलवायची म्हणजे मनगट वळवून अलगद, सरबताची बाटली हलवल्यासारखी नाही. दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडा. सिरिंजमधून ट्यूबमध्ये रक्त जोरानं ढकलू नका.

एकदा रात्री आठला घेतलेलं रक्त सकाळी नऊला आलं. काळजीनं फ्रीजमध्ये ठेवलं होतं, ट्यूब गार लागत होती. यंत्रानं पोटॅशियम इतकं जास्त दाखवलं की हा माणूस आत्ता आयसीयूत असायला हवा होता. तो बाहेर बाकावर बसून मोबाइल बघत होता. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते आत ठेवायला पेशीला सतत पंप चालवावा लागतो. थंडीत तो पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, म्हणून सीरम छान पिवळंच दिसतं. बघून काही कळत नाही. ताजं रक्त घेतलं तेव्हा आकडा नॉर्मल होता.

म्हणून सीरमच्या ट्यूबची रीत अशी: अर्धा तास उभी ठेवून गोठू द्या, घेतल्यापासून दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून सीरम वेगळं करा, आणि वेगळं झाल्यावरच फ्रीजमध्ये. गोठायच्या आत घाई केली तर सीरममध्ये जाळी धरते. जेलची ट्यूब एकदा फिरवली की पुन्हा फिरवायची नाही, जेलखालचं पोटॅशियम वर येतं. फिरवलेलं सीरम गवताच्या काडीच्या रंगाचं असावं. गुलाबी किंवा लाल दिसलं तर पेशी फुटल्या आहेत, पाठवण्याआधीच पुन्हा रक्त घ्या. एक फेरी वाचेल.

साखरेची गोष्ट वेगळी. पेशींसकट ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइड हे थांबवतं, पण ताबडतोब नाही. पहिला तास-दोन तास थोडी घट होतेच. करडी ट्यूब आहे म्हणून निवांत राहू नका.

हिमोग्रामची जांभळी ट्यूब साध्या तापमानाला काही तास चांगली राहते. गोठण्याची निळी ट्यूबही साध्या तापमानालाच. एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची एक तपासणी) करायची असेल तर चार तासांच्या आत. ब्लड कल्चरच्या बाटल्या फ्रीजमध्ये कधीच ठेवायच्या नाहीत, तिथे जंतू वाढावेत हाच तर हेतू आहे. मणक्यातलं पाणी कल्चरला जात असेल तर तेही गार करू नका. मेंदूज्वराचे काही जंतू थंडीत मरतात. ते हातोहात, लगेच. उलट अमोनियासाठीचं रक्त बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात खोचून धावत आणावं लागतं. बिलिरुबिनला उजेड चालत नाही, ट्यूबला फॉइल गुंडाळा. सुई लावलेली सिरिंज मात्र कुठल्याही कारणानं पाठवू नका.

बायोप्सी, स्लाइड, स्वॅब

रक्त पुन्हा घेता येतं, कापून काढलेली गाठ पुन्हा मिळत नाही. म्हणून इथे घाई करायची आणि गडबड टाळायची.

गाठ काढल्याबरोबर १० टक्के फॉर्मलीनमध्ये (तुकडा सडू न देणाऱ्या द्रवात) टाका. फॉर्मलीन गाठीच्या किमान दहा पट असावं. तळाशी चमचाभर ओतून भागत नाही, तुकडा बुडून चारी बाजूंनी मोकळा राहायला हवा. ते तासाला सुमारे एक मिलिमीटर आत शिरतं, तोवर मधला भाग सडत असतो. मोठा अवयव असेल तर तो कापून उघडायचा की नाही हे पॅथॉलॉजिस्टना विचारा.

बाटली रुंद तोंडाची. एकदा एक गर्भाशयाची गाठ निमुळत्या गळ्याच्या बाटलीत आली. आत जाताना ती मऊ होती, सहज घसरली. दोन दिवस फॉर्मलीनमध्ये राहून रबरासारखी टणक झाली आणि बाहेर येईना. शेवटी बाटली कापावी लागली.

सलाइनमध्ये ठेवलेली बायोप्सी सडते, फ्रीजरमध्ये ठेवलेलीत बर्फाचे कण पेशी फाडतात. पण त्याच तुकड्याचं टीबी किंवा इतर कल्चर हवं असेल तर तो भाग फॉर्मलीनमध्ये नको, निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवा. फॉर्मलीनमध्ये जंतू मरतात. म्हणजे कापण्याआधीच दोन बाटल्या तयार हव्यात. फॉर्मलीन डोळ्यांना आणि घशाला झोंबतं. नातेवाइकांच्या हाती बाटली देत असाल तर झाकणावर टेप लावून, झिपच्या पिशवीत घालून द्या आणि उघडू नका असं तोंडी सांगा.

स्लाइडवर नाव पेन्सिलीनं, खरखरीत टोकावर. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशींची स्लाइड) ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जाते. कोरड्या स्लाइड फॉर्मलीनच्या बाटलीसोबत एकाच पिशवीत ठेवू नका, नुसत्या वाफेनं त्या नीट रंगत नाहीत.

विषाणूंच्या पीसीआरसाठी स्वॅब लॅबनं दिलेलाच वापरा, लाकडी काडीचा कापूस नाही. व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात) घालून २ ते ८ अंशांना ७२ तास चालतो. जिवाणूंच्या कल्चरचा स्वॅब सहसा साध्या तापमानाला जातो. दोन्ही एकाच आइस बॉक्समध्ये टाकणं ही रोजची चूक आहे.

बांधणी आणि प्रवास

नमुना कितीही साधा असो, तीन आवरणं धरा. सर्वांत आत घट्ट बंद होणारी डबी किंवा ट्यूब. तिच्याभोवती सगळं पाणी शोषेल एवढा कापूस किंवा टिश्यू, आणि हे दोन्ही एका न गळणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात. बाहेर कडक खोका. फॉर्म दुसऱ्या आणि तिसऱ्या आवरणाच्या मध्ये, म्हणजे गळती झाली तरी कागद वाचतो. रक्तानं भिजलेला फॉर्म सुकवून वाचायची पाळी आली, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो. एका पिशवीत एकाच माणसाचे नमुने.

ट्यूब उभ्या, रॅकमध्ये. गोठवलेला जेल पॅक आणि ट्यूब यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा हवाच; चिकटून ठेवलेलं रक्त गोठून बर्फ होतं आणि वितळताना सगळ्या तांबड्या पेशी फुटतात. गार आणि साध्या तापमानाचे नमुने एकाच वेळी न्यायचे तर दोन वेगळे बॉक्स. बॉक्समध्ये थर्मामीटर ठेवा, झाकणावर "हाच वर" असा बाण काढा.

पिशवी हँडलला लटकवून दुचाकीवरून नेऊ नका. धक्के आणि हेलकाव्यांनी पेशी फुटतात. बॉक्स मागे घट्ट बांधलेला हवा. चारचाकीत ऊन लागणाऱ्या काचेजवळ नको. आणि वाटेत दुसरं काम नको: बंद गाडी उन्हात पंधरा मिनिटांत किती तापते हे आपल्याला आत बसल्यावर कळतं, नमुन्याला बसण्याआधीच.

विमानानं किंवा कुरिअरनं दूर पाठवायचं असेल तर नियम कडक आहेत. बहुतेक रोग्यांचे संसर्गजन्य नमुने 'यूएन ३३७३' वर्गात येतात. खोक्याची एक बाजू किमान १०० बाय १०० मिलिमीटर, त्यावर चौकोन टोकावर उभा करून आत हा क्रमांक, आणि पहिलं किंवा दुसरं आवरण ९५ किलोपास्कल दाब सोसणारं. कोरडा बर्फ वापरलात तर त्याची 'यूएन १८४५' ही खूण वेगळी लावावी लागते. तो उणे ७८.५ अंशांचा असतो आणि त्याचा सतत वायू होत राहतो. म्हणून तो हवाबंद डब्यात कधीच भरायचा नाही, डबा फुटतो. गाडीत असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा. उघड्या हातानं उचलू नका.

वाटेत सांडलं तर

आधी थांबा. दोन्ही हातांत हातमोजे, मग सांडलेल्यावर कागदी टॉवेल किंवा कापूस पसरा, त्यावर ताजं केलेलं १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओता आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. बाहेरून आत असं पुसा. काचेचे तुकडे चिमट्यानं, बोटांनी नाही. फॉर्मलीन किंवा मोठ्या प्रमाणात लघवी सांडली असेल तर त्यावर हायपोक्लोराइट ओतू नका, झोंबणारे वायू तयार होतात. आधी शोषून घ्या, हवा खेळू द्या. सुई टोचली किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्यानं धुऊन तासाभरात डॉक्टर गाठा. संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, कारण एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी उपयोगी पडतात.

खिडकीशी

नमुना बाकावर ठेवून निघून जाऊ नका. माणसाच्या हातात द्या, लेबल आणि फॉर्म जुळतात का हे त्याच्यासमोर बघा, स्वीकारल्याची वेळ लिहून घ्या. दवाखान्याकडून रोज येत असाल तर नमुन्यांची यादी दोन प्रतींत आणा आणि एकीवर सही घ्या. काही बिनसलं असेल, उशीर झाला, थोडं सांडलं, एकदा लघवी विसरली, तर आपणहून सांगा. कोणी रागावत नाही. फार तर दुसरी डबी मिळते.

नमुना नाकारला तर कारण विचारून लिहून घ्या: गोठलेली जांभळी ट्यूब, अपुरं रक्त, चुकीची डबी, नाव जुळत नाही. एकाच दवाखान्यातून एकच कारण पुन्हा येत असेल तर चूक कुठे होते ते तिथेच सापडतं. मणक्यातलं पाणी किंवा बायोप्सी मात्र लॅब सहसा फेकत नाही; तपासणी करते आणि रिपोर्टवर त्रुटी नोंदवते. तो शेरा डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, आकड्यांच्या गर्दीत तो शेवटी बारीक अक्षरात असतो.

घरी किंवा दवाखान्यात परतल्यावर बॉक्स आतून हायपोक्लोराइटनं पुसा, नंतर साध्या पाण्यानं, आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या. हात धुवा. जेल पॅक पुन्हा फ्रीजरमध्ये टाका, उद्या सकाळी लागतील.